विश्लेषण : छतावरची वीज, गोदामातले धान आणि ब्लॉकचेन, कुलूप पक्के, पण किल्ली कोणाकडे?

भंडारा जिल्ह्यात मोजमापावरून होणारे वाद नवे नाहीत. काटा खरा होता का, ओलावा किती धरला, घट किती कापली, हे धान खरेदी केंद्रावरचे प्रश्न इथल्या प्रत्येक शेतकरी घराला तोंडपाठ आहेत. आता त्यात विजेची भर पडली आहे. 'पीएम सूर्यघर' योजनेतून छतावर पॅनेल बसवलेल्या घरांत महिन्याचे बिल आले की पहिला प्रश्न असतो, आपण महावितरणच्या तारेत किती युनिट सोडले आणि त्याचा हिशेब नीट धरला का?

या दोन्ही हिशेबांवर सध्या एकच औषध सुचवले जाते. ते म्हणजे ब्लॉकचेन. छतावरची जास्तीची वीज थेट शेजाऱ्याला विका, गोदामातल्या धानाच्या पावतीवर मोबाइलवरून कर्ज उचला आणि सगळी नोंद अशा वहीत ठेवा की कुणालाच खोडता येणार नाही. खोडता येत नाही, म्हणून फसवणूक नाही, असा हा युक्तिवाद. तो अर्धा खरा आहे. उरलेल्या अर्ध्यात तुमचे पैसे अडकू शकतात, म्हणून हा खटाटोप.

मुळात ही वही काम कशी करते?

तलाठी कार्यालयातले फेरफार रजिस्टर डोळ्यांसमोर आणा. समजा त्याची एकच प्रत नसून पन्नास कार्यालयांत एकसारख्या प्रती आहेत आणि नवी नोंद सगळीकडे एकाच वेळी चढते. शिवाय प्रत्येक पानाच्या तळाशी त्या पानावरच्या मजकुरातून गणिताने काढलेला एक लांबलचक आकडा लिहिला आहे आणि तोच आकडा पुढच्या पानाच्या माथ्यावरही आहे. या आकड्याला 'हॅश' म्हणतात. मागच्या पानावर कुणी एक काना-मात्रा बदलली तरी त्या पानाचा आकडा बदलतो, पुढच्या पानाशी जुळत नाही आणि चोरी उघडी पडते. ही झाली साखळी.

दुसरा भाग सहीचा. प्रत्येक वापरकर्त्याकडे किल्ल्यांची जोडी असते. एक गुप्त, फक्त त्याच्याकडे. दुसरी उघड, सगळ्यांना माहीत. गुप्त किल्लीने केलेली डिजिटल सही उघड किल्लीने कुणालाही तपासता येते, पण उघड किल्लीवरून गुप्त किल्ली शोधून काढणे आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर आहे. गणिताचा हा पाया भक्कम आहे. ब्लॉकचेनशी संबंधित मोठ्या चोऱ्या आठवा. त्यांत हे गणित मोडले गेलेले नाही. चोर दुसऱ्याच दाराने आत आले.

विजेच्या हिशेबात तिचे काय काम?

आज छतावर सौर पॅनेल असलेल्या घरी दुहेरी मीटर असते. घेतलेली वीज 'इम्पोर्ट', दिलेली 'एक्स्पोर्ट'. एक किलोवॉटच्या पॅनेलमधून महिन्याला साधारण १२० युनिट मिळतात. निर्यात जास्त झाली तर उरलेली युनिट पुढच्या बिलात जमा होतात आणि आर्थिक वर्षाच्या अखेरीस शिल्लक राहिलेल्यांचे पैसे वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतात. हा सगळा हिशेब एकटी वितरण कंपनी ठेवते.

शेजाऱ्या-शेजाऱ्यांतल्या थेट वीजविक्रीत मात्र हिशेबाला तीन-चार पक्ष येतात. विकणारा, घेणारा, तारांची मालक कंपनी आणि मधले ॲप. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात २०१६ मध्ये एका रहिवाशाने आपली सौरवीज रस्त्यापलीकडच्या शेजाऱ्याला ब्लॉकचेनवर विकली, ती या प्रकाराची गाजलेली सुरुवात. आपल्याकडे २०२०-२१ मध्ये लखनऊला उत्तर प्रदेश पॉवर कॉर्पोरेशन आणि इंडिया स्मार्ट ग्रिड फोरम यांनी ऑस्ट्रेलियातील पॉवर लेजर कंपनीच्या प्रणालीवर असा प्रयोग केला. उत्तर दिल्लीत टाटा पॉवरच्या वितरण कंपनीनेही याच कंपनीसोबत चाचणी घेतली.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मोहाडीतल्या छतावरची वीज ठरवून समोरच्याच घरात जात नाही. ती तारेत मिसळते आणि जवळ जिथे मागणी असेल तिथे वापरली जाते. विकला जातो तो फक्त हिशेब. म्हणून हिशेबाची सुरक्षा हाच या व्यवहाराचा गाभा आहे.

हिशेबाचा आवाकाही लहान नाही. देशात विजेचा हिशेब १५ मिनिटांच्या टप्प्यांत होतो, म्हणजे दिवसाला ९६ नोंदी. एखाद्या जिल्ह्यात दोन लाख मीटर धरले तर दिवसाला १ कोटी ९२ लाख नोंदी, सेकंदाला सुमारे २२२. बिटकॉइनची साखळी सेकंदाला सातेक व्यवहार पेलते. त्यामुळे प्रत्येक नोंद साखळीवर जात नाही. हजारो नोंदींचा एक गठ्ठा बांधून त्याचा फक्त हॅश वर चढवला जातो. गठ्ठा कोण बांधतो आणि कुठे ठेवतो, हा प्रश्न मग साखळीच्या बाहेरच राहतो.

आपल्या भागात असे काही झाले आहे का?

विजेत नाही, पण दाखल्यांत झाले आहे आणि तेही आपल्याच विदर्भात. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्लीत २०२२ मध्ये प्रशासनाने सुमारे ६५ हजार जातीचे दाखले 'लेजिटडॉक' या प्रणालीतून पॉलिगॉन नावाच्या ब्लॉकचेनवर नोंदवायला घेतले. दाखल्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की तो प्रशासनाने दिलेलाच आहे की नंतर कुणी संगणकावर खाडाखोड केली, हे कळते. बनावट दाखल्यांच्या बाजारावर हा चांगला उपाय आहे.

पण याच उदाहरणात मर्यादाही दिसते. दाखला बदललेला नाही, एवढेच साखळी सांगते. ज्याच्या नावाने दिला तो खरोखर त्या जमातीचा आहे का, हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी जात पडताळणी समिती लागतेच. महाराष्ट्रातल्या वाचकाला हा फरक वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

पहिलीच नोंद खोटी असेल तर?

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आमच्या गटाने ब्लॉकचेनवर वीज मोजणीचा प्रोजेक्ट केला होता. मीटरचे सेन्सर वेळेत आले नाहीत. सादरीकरण दोन दिवसांवर. मग आम्ही आकडे हाताने टाइप केले. साखळीने ते निमूट स्वीकारले, त्यांना सुंदर हॅश दिले आणि परीक्षकांना आम्ही अभिमानाने सांगितले की, हा डेटा आता कुणीही बदलू शकत नाही. खरेच होते. खोटा डेटा कायमचा सुरक्षित झाला होता.

हाच प्रकार मोठ्या पैशांत कसा दिसतो, हे मुंबईने २०१३ मध्ये पाहिले. नॅशनल स्पॉट एक्स्चेंजवर गोदामातल्या मालाच्या पावत्यांवर सौदे होत होते. जुलै २०१३ मध्ये व्यवहार थांबले, सुमारे ५,६०० कोटी रुपये अडकले आणि जवळपास १३ हजार गुंतवणूकदार रस्त्यावर आले. तपासात निघाले की अनेक गोदामांत पावतीवर लिहिलेला माल नव्हताच किंवा कमी होता. तिथे ब्लॉकचेन नव्हती. असती, तरी त्या पावत्या तिच्यावर तितक्याच दिमाखात चढल्या असत्या.

भंडाऱ्याच्या धानाचे उदाहरण घेऊ, कारण इथे चोरीचीही गरज नाही. खरेदीत धानाचा ओलावा १७ टक्क्यांपर्यंत चालतो. समजा १०० क्विंटल धान १७ टक्के ओलाव्यावर गोदामात गेले आणि तिथे वाळून १४ टक्क्यांवर आले. एकही दाणा न हलता वजन साधारण साडेतीन क्विंटलने घटते. २०२५-२६ च्या २,३६९ रुपये हमीभावाने ही आठ हजार रुपयांहून अधिकची तफावत. साखळीवरची नोंद मात्र १०० क्विंटलच सांगत राहणार. वही न बदलणारी आणि माल बदलणारा, अशी ही गाठ आहे. त्यामुळे पावतीवर वजनाबरोबर ओलावा, तारीख आणि घट धरण्याचा नियम नसेल, तर कर्ज फेडून माल सोडवताना भांडण ठरलेले.

गोदाम पावतीसाठी ब्लॉकचेनला माझा विरोध नाही, उलट इथे तिचा उपयोग पटतो. एकच पावती दोन बँकांत तारण ठेवण्याची जुनी युक्ती ती नक्की बंद करते. राज्य वखार महामंडळ आणि महाराष्ट्र राज्य सहकारी बँक यांनी 'व्हर्ल' या कंपनीच्या ब्लॉकचेनवर पावती तारण कर्ज सुरू केले, ते याच कारणाने. शेतकरी, गोदाम आणि बँक हे एकमेकांवर पूर्ण विश्वास न ठेवणारे पक्ष आहेत आणि कुणा एकाच्या हाती वही नसावी, ही अपेक्षा रास्त आहे. फक्त पोते मोजणाऱ्या माणसाची आणि काट्याची तपासणी त्यामुळे रद्द होत नाही.

मीटरचेही तसेच. स्मार्ट मीटर आपले रीडिंग सांकेतिक भाषेत पाठवते, वाटेत कुणी वाचू किंवा बदलू नये म्हणून. पण सध्याच्या प्रचलित पद्धतीत मीटर आणि कंपनीचा सर्व्हर यांच्याकडे एकच सामायिक किल्ली असते. कंपनीला स्वतःची खात्री पटवायला ती पुरेशी आहे. शेजाऱ्याला मात्र पुरेशी नाही. ज्याच्याकडे तीच किल्ली आहे, त्याला तसाच संदेश स्वतःही तयार करता येतो. मग हे रीडिंग मीटरनेच दिले, हे तिसऱ्याला कसे सिद्ध करणार? त्यासाठी प्रत्येक मीटरच्या आत त्याची स्वतःची गुप्त किल्ली आणि प्रत्येक रीडिंगवर मीटरची डिजिटल सही हवी. वीज एकमेकांना विकायची असेल तर ही पहिली अट असायला हवी. साखळी कोणती वापरायची हा नंतरचा प्रश्न.

आणि किल्ली चोरली तर?

१८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपयांची मालमत्ता गेली. हे वॉलेट एका सहीने उघडणारे नव्हते. महिला बचत गटाच्या खात्याला जशा अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या सह्या लागतात, तशा इथे अनेकांच्या सह्या लागत. कंपनीच्या म्हणण्यानुसार, सही करणाऱ्यांना पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि प्रत्यक्षात सही दुसऱ्याच व्यवहारावर होत होती. कोऱ्या कागदावर अंगठा घेण्याचाच हा नवा अवतार. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने या चोरीमागे उत्तर कोरियाचे हॅकर असल्याचे संयुक्त निवेदनात म्हटले. पुढच्याच महिन्यात बायबिट या एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलर गेले, तेही पडद्यावर फसवे दृश्य दाखवूनच. वझीरएक्सच्या ग्राहकांना आपल्या पैशांसाठी वर्षाहून अधिक काळ ताटकळावे लागले.

जिथे सुरक्षेवर पगारी माणसे बसलेली असतात तिथली ही गत. आता हीच किल्ली लाखांदूर किंवा पवनीच्या घरात आणून बघा.

वीज जोडणी आजोबांच्या नावावर. आजोबा वारले, नाव बदलायचे राहून गेले. पॅनेलचे अनुदान मुलाच्या खात्यात आले. महावितरणकडे नोंदवलेला मोबाइल क्रमांक नातवाचा, तो पुण्याला कंपनीत. आणि अर्ज भरला सेतू केंद्रावर, त्यामुळे ईमेल केंद्रचालकाचा. या घरातली वीज विकण्याची 'किल्ली' कोणाची? ॲप सांगेल, ज्याच्या मोबाइलमध्ये आहे त्याची. वारसा हक्काचा कायदा वेगळेच सांगेल. मोबाइल तळ्यात पडला, सिम बंद झाले, तर शुद्ध ब्लॉकचेनमध्ये 'पासवर्ड विसरलात?' असे बटण नसते. किल्ली गेली की मालमत्ता गेली.

मग किल्ली कंपनीनेच सांभाळावी, असा सोपा मार्ग निघतो आणि बहुतेक ॲप तेच करतात. त्यात गैर काही नाही, फक्त मग 'मध्यस्थ नाही' ही जाहिरात करू नये. अंगठ्याचा ठसा हीच किल्ली करावी, हाही मार्ग सुचवला जातो. आधार आधारित पैसे काढण्याच्या व्यवस्थेत जमीन नोंदणीच्या कागदांवरून ठसे उचलून सिलिकॉनचे अंगठे बनवल्याची प्रकरणे देशात अनेक ठिकाणी पोलिसांनी उघड केली आहेत. पासवर्ड बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही.

वही नक्की कोणाच्या घरी?

साखळीच्या प्रती ज्या संगणकांवर असतात त्यांना 'नोड' म्हणतात. सरकारी आणि वीज क्षेत्रातल्या बहुतेक प्रणाली बिटकॉइनसारख्या सगळ्यांना खुल्या नसतात. ठरावीक, ओळख पटलेल्या संस्थाच नोड चालवतात. २०१९ मध्ये सुरू झालेली 'एनर्जी वेब' ही वीज क्षेत्रासाठीची साखळी अशीच आहे. केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये आणलेल्या 'विश्वस्य' या राष्ट्रीय ब्लॉकचेन व्यवस्थेचे संगणक भुवनेश्वर, पुणे आणि हैदराबाद इथल्या एनआयसीच्या डेटा सेंटरमध्ये आहेत.

ही रचना वेगवान आणि स्वस्त पडते. पण सगळे नोड एकाच संस्थेचे असतील, तर त्या संस्थेने ठरवले की वही पुन्हा लिहिता येते. विजेबाबत म्हणूनच माझे मत स्पष्ट आहे. तारा एकाच कंपनीच्या, मीटर तिचेच, बिल तिचेच आणि नोडही तिचेच असतील, तर ब्लॉकचेन हा महागडा डेटाबेस आहे. त्यापेक्षा मीटरची सही असलेले रीडिंग ग्राहकाला मोबाइलवर जसेच्या तसे मिळाले, तरी निम्मे वाद मिटतील. नोड चालवणाऱ्यांत नियामक आयोग आणि ग्राहक संघटना असतील, तर गोष्ट वेगळी.

केंद्रीय वीज मंत्रालयाने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या 'इंडिया एनर्जी स्टॅक'मध्ये ग्राहक, उपकरणे आणि व्यवहार यांना स्वतंत्र ओळख क्रमांक देण्याची कल्पना आहे आणि पहिल्या चाचण्यांसाठी मुंबई, गुजरात व दिल्लीची नावे पुढे आली. ही ब्लॉकचेन नव्हे. पण ओळखीचा प्रश्न आधी हाताळायचा, हा क्रम बरोबर आहे.

चूक झाली, तर दाद कुठे मागायची?

सर्वांत कमी बोलले जाते ते यावर. आज बिल चुकले तर तक्रार करता येते, तिथे न्याय मिळाला नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे आणि त्यावर वीज लोकपाल. विदर्भासाठी ते नागपुरात बसतात. वेळ लागतो, हेलपाटे पडतात, पण रक्कम उलट फिरवता येते.

ब्लॉकचेनवरचा व्यवहार आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामने होतो, त्याला 'स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट' म्हणतात. मीटर सदोष होते हे तीन महिन्यांनी कळले, तोवर शेजाऱ्याच्या खात्यातून पैसे वळते झालेले. जुनी नोंद पुसता येत नाही. उलटी नोंद करावी लागते. ती करण्याचा अधिकार कोणाला, किती दिवसांत, खर्च कोणाचा, हे नियमात लिहिलेले नसेल तर गावात ते भांडण होते. दुसरी अडचण खासगीपणाची. दर १५ मिनिटांचे रीडिंग बघून घर कधी रिकामे असते ते सहज कळते. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा माहिती दुरुस्त करण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क देतो. न पुसल्या जाणाऱ्या वहीत रीडिंगच चढवले तर तो हक्क कागदावर राहतो. म्हणून साखळीवर फक्त हॅश, रीडिंग बाहेर, हा आग्रह धरला पाहिजे.

कायद्याने एक दार उघडले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हॅश नमूद करण्याची तरतूद आहे. म्हणजे मीटरच्या नोंदीचा हॅश तुमच्याकडे असेल, तर वादात त्याला वजन येऊ शकते.

तोवर घरी काय बघायचे?

मीटरवरचा क्रमांक आणि बिलावरचा मीटर क्रमांक एकच आहे का, ते आधी पाहा. पॅनेल सुरू झाले त्या दिवसाच्या इम्पोर्ट आणि एक्स्पोर्ट रीडिंगचा फोटो जपून ठेवा. वर्षअखेरीच्या हिशेबात तोच कामी येतो. जोडणी अजून आजोबांच्या नावावर असेल तर नाव बदलून घ्या आणि बारा अंकी ग्राहक क्रमांकाला घरातल्याच माणसाचा मोबाइल जोडा, सेतू केंद्राचा नव्हे.

'आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा' असा संदेश आला तर पाठवणाऱ्याचे नाव बघा. महावितरणचे संदेश 'एमएसईडीसीएल' अशी अक्षरे असलेल्या नावाने येतात, कुणाच्या दहा अंकी खासगी नंबरवरून येत नाहीत. फोन केल्यावर समोरचा एखादे ॲप डाउनलोड करायला सांगू लागला, तर तिथेच फोन ठेवा. ते ॲप तुमचा पडदा त्याला दाखवते आणि पडद्यावरचा ओटीपी हीच आजच्या घडीला तुमची किल्ली आहे.